एमआरआय नॉर्मल आला म्हणून कारण मानसिक ठरत नाही

मेंदूचा एमआरआय स्वच्छ आहे, म्हणजे हातापायांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली ताणामुळेच असणार, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम या आजारात (यात शरीर स्वतःविरुद्धच अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं, तयार करतं) रक्ताच्या गुठळ्या होतात हे बहुतेकांना माहीत असतं, पण त्यात कोरियाही, म्हणजे अशा आपोआप होणाऱ्या अनियमित हालचालीही, होतो. शंभरात एखाद-दुसरा रुग्ण, म्हणूनच निदान हुकतं. दरवेळी मेंदूत गुठळी सापडतेच असं नाही. या अँटिबॉडी बेसल गँग्लियातल्या (मेंदूच्या हालचाली नियंत्रित करणाऱ्या भागातल्या) पेशींवर थेट परिणाम करत असाव्यात, असं मानलं जातं. तरुण स्त्रियांमध्ये हे जास्त दिसतं, कधी गरोदरपणात, कधी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यावर. आधी गर्भपात किंवा पायात गुठळी झाली असेल तर न्यूरॉलॉजिस्टना आपणहून सांगाच.

ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन या अँटिबॉडी शोधणाऱ्या तिन्ही रक्तचाचण्यांबद्दल विचारा. पॉझिटिव्ह आल्यास किमान १२ आठवड्यांनी पुन्हा कराव्या लागतात, कारण संसर्गानंतरही त्या तात्पुरत्या पॉझिटिव्ह येतात. (रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर लॅबला आधी कळवा, ल्युपस अँटिकोॲग्युलंटचा निकाल त्याने चुकू शकतो.) हालचाली औषधांनी बऱ्याच जणांच्या आटोक्यात येतात. तेवढ्यावरून रक्त पातळ करणारी गोळी मात्र कृपया स्वतःच्या मनाने बंद करू नका.