उन्हाळ्याच्या लांब दुपारी : विणकाम, सूतकताई, वाचन आणि घरची बाग

उन्हाळ्यातला दिवस लांब असला, तरी त्याचा मधला भाग घराबाहेर घालवता येत नाही. ऊन चढू लागले की बाहेरची कामे आवरती घ्यावी लागतात आणि सूर्य कलेपर्यंत घरातच थांबावे लागते. या वेळेला कंटाळवाणी म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझे मत अगदी वेगळे आहे. सकाळी आणि संध्याकाळी झाडांची देखभाल, मधल्या वेळात हातांना हलके काम किंवा सलग वाचन, असा योग इतर कोणत्याही ऋतूत इतक्या सहज जुळून येत नाही. म्हणून विणकाम, सूतकताई, वाचन आणि घरची बाग यांपैकी जे काही आपण उन्हाळ्यात मनापासून करता, ते येथे लिहावे, असे सर्वांना निमंत्रण आहे. एकच विनंती आहे. वेळ छान गेला एवढ्यावर न थांबता कोणता धागा, कोणती सुई, कोणते झाड आणि दिवसाची कोणती वेळ हेही अवश्य सांगावे, म्हणजे वाचणाऱ्याला ते स्वतः करून पाहता येईल. सुरुवात मीच करते.

सुती धाग्याचे विणकाम

मी बारा महिने विणते. उन्हाळा लागला की लोकर कपाटात जाते आणि सुती धाग्याचे गुंडे बाहेर येतात. लोकरीचा तंतू मुळातच नागमोडी असल्यामुळे ताणला तरी पुन्हा आखडतो आणि टाक्यांमधला लहानसहान असमानपणा पहिल्या धुण्यातच झाकला जातो. सुताला ही लवचीकता नसते. टाका जसा घातला तसाच तो दिसतो, म्हणून सुती विणकामात हात हळूहळू एकसारखा चालू लागतो आणि हिवाळ्यात पुन्हा लोकर हाती घेतल्यावर हा फरक स्पष्ट जाणवतो. हातांना घाम येत असेल तर बांबूच्या सुया सर्वांत सोयीच्या. धातूच्या सुईवरून गुळगुळीत सूत फार लवकर निसटते.

सुती कपडा स्वतःच्याच वजनाने लांबतो, ही गोष्ट नव्याने शिकणाऱ्यांना कोणी सांगत नाही, म्हणून ती येथे मुद्दाम लिहिते. मी ४ मिलिमीटरच्या सुईवर १० सेंटिमीटरपेक्षा थोडा मोठा नमुन्याचा चौकोन विणते, तो धुते आणि वाळत घालताना त्याच्या खालच्या कडेला कपड्यांचे दोन-तीन चिमटे लावते. पूर्ण कपडा अंगावर असताना टाके किती ओढले जातील, याचा अंदाज त्या चिमट्यांच्या वजनामुळे येतो. चौकोन पूर्ण वाळल्यावरच टाके आणि ओळी मोजायच्या. यात एक दुपार जाते, आणि ती गेलेली मला आवडते.

उन्हाळ्यात सर्वांत जास्त आनंद मात्र जाळीच्या विणीत मिळतो. सुईवर धाग्याचा एक वेढा घ्यायचा आणि शेजारचे दोन टाके एकत्र विणायचे; वेढ्यामुळे एक टाका वाढतो, एकत्र विणल्यामुळे एक कमी होतो, त्यामुळे ओळीतली संख्या तेवढीच राहते आणि मध्ये एक नीटस भोक पडते. एवढ्या एका युक्तीवर पाने, वेली, लाटा असे असंख्य नमुने उभे राहतात. सुईवर असताना जाळी चुरगळलेली आणि अनाकर्षक दिसते. विणून झाल्यावर ती भिजवून, सपाट पृष्ठभागावर टाचण्यांनी ताणून वाळवली की प्रत्येक भोक उघडते, आणि टाचण्या काढण्याचा तो क्षण मी कधीही दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही.

लोकर सोडवत नाही त्यांच्यासाठी

वरील अनुभव वाचून लिहावेसे वाटले. मला सूत रुचत नाही, त्यामुळे मी उन्हाळ्यातही लोकरच विणते. मात्र मोठी शाल मांडीवर पसरून बसणे असह्य होते, म्हणून सुटे चौकोन विणते आणि थंडी सुरू झाल्यावर ते जोडते. याच दिवसांत घरातले सगळे लोकरीचे कपडे तपासते. लोकरीला लागणाऱ्या कसरीची, म्हणजे एका लहान पतंगाची, अळी लोकरीतले केराटिन हे प्रथिन खाते, पूर्ण वाढलेला पतंग काहीच खात नाही; आणि घामाचे किंवा अन्नाचे डाग असलेली जागा अळीला विशेष आवडते. त्यामुळे न धुतलेला स्वेटर तसाच ठेवून देऊ नये. सर्व कपडे धुऊन, उन्हात झटकून, हवाबंद पिशव्यांत ठेवते. एखाद्या जुन्या गुंड्याची शंका आली तर तो पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवते.

टकळीवरचे सूत

माझा विषय सूतकताईचा आहे आणि तो थोडा विस्ताराने मांडण्याची परवानगी घेतो. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी टकळी, म्हणजे बोटांनी फिरवून सूत काढायची लहान चाती, हाती घेतली. पेटीचरखाही घरात आहे, तरी उन्हाळ्यात टकळीच बरी वाटते, कारण तिला जागा लागत नाही आणि पंख्यापासून दूर, भिंतीच्या आडोशाला बसून ती चालवता येते. पंख्याच्या वाऱ्यात पेळू (पिंजलेल्या कापसाची वळकटी) नीट सुटत नाही, तंतू उडतात. हवा फार कोरडी असली तरीही कापसाचे तंतू एकमेकांपासून फटकून वागतात. ओलाव्याने कापसाचा तंतू मजबूत होतो, म्हणून मी शक्यतो सकाळी लवकर सूत काढतो आणि दुपारी बसलोच तर जवळ एक ओले फडके टांगून ठेवतो.

टकळीचे टोक एका लहान वाटीत टेकवायचे, उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने तिला गती द्यायची आणि डाव्या हातातला पेळू सावकाश मागे न्यायचा. सुरुवातीला धागा कुठे जाड तर कुठे केसासारखा बारीक निघतो आणि शिकणारा निराश होतो. यामागचे कारण समजले की काम सोपे होते. पीळ नेहमी बारीक जागेत आधी शिरतो, जाड जागा सैल राहते. अशा वेळी पेळू चिमटीत घट्ट धरून ताज्या धाग्याला हलकासा ताण दिला, तर बारीक भाग पिळामुळे जागचा हलत नाही, जाड भागातले तंतू मात्र एकमेकांवरून सरकतात आणि तो भाग डोळ्यांदेखत बारीक होतो. हे पहिल्यांदा जमले तेव्हा झालेला आनंद मला आजही शब्दांत नीट सांगता येत नाही. धागा एकसारखा झाला की आणखी थोडा पीळ द्यायचा आणि मगच तो टकळीवर गुंडाळायचा.

सुताचा अंक काढणेही मला फार आवडते. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतील, तितका त्या सुताचा अंक. घरच्या हिशेबासाठी असे लक्षात ठेवावे, की २० अंकाचे १० ग्रॅम सूत सुमारे ३४० मीटर भरते. अंक जितका मोठा, तितके सूत बारीक.

लड तयार झाली की ती चार ठिकाणी सैल बांधून साबणाच्या पाण्यात उकळतो. कच्च्या सुतावर नैसर्गिक मेण असते, त्यामुळे ते आधी पाण्यावर तरंगत राहते. उकळता उकळता ते बुडू लागते आणि पाण्याला फिकट तपकिरी रंग येतो. पीळही याच वेळी पक्का होतो. ज्यांना नैसर्गिक तपकिरी किंवा हिरवट रंगाचा कापूस मिळेल त्यांनी तो अवश्य कातून पाहावा, कारण उकळल्यावर त्याचा रंग फिका होण्याऐवजी अधिक गडद होतो.

मोठ्याने वाचलेली पुस्तके

माझ्या आईची दृष्टी आता अधू झाली आहे. उन्हाळ्यात दुपारी पडदे ओढून घेतल्यावर मी तिला वाचून दाखवते. मनात वाचायला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ मोठ्याने वाचायला लागतो आणि त्यामुळेच लांबलचक कादंबऱ्या या ऋतूसाठी राखून ठेवते. मनात वाचताना ज्या वर्णनांवरून नजर भरभर पुढे जाते, ती आवाजात वाचताना टाळता येत नाहीत, आणि पुष्कळदा तीच सर्वांत सुंदर असतात, असे माझे आता ठाम मत झाले आहे. लेखकाने वाक्य कानाने तपासले होते की नाही, हेही लगेच कळते. पात्रांची संख्या मोठी असली तर त्यांची नावे आणि नाती एका चिठ्ठीवर लिहून ती पुस्तकात ठेवते, आईला मात्र चिठ्ठीची गरज पडत नाही, उलट मी अडखळले तर तीच मला सांगते, "अगं, हा तिचा धाकटा दीर." वाचन चालू असताना तिच्या हातात सुया असतात. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी साधी वीण ती केवळ बोटांच्या स्पर्शाने विणते. वाचन रंगात आले की सुया थांबतात, आणि प्रकरण चांगले जमले आहे, हे मला त्यावरून समजते.

पुस्तकांविषयी एक सूचना करावीशी वाटते. कपाटावर थेट ऊन येत असेल तर उन्हाळ्यापुरते तरी ते सरकवावे. उन्हाने पुस्तकांच्या पाठीवरचे रंग उडतात आणि स्वस्त कागदातल्या लिग्निन या लाकडातून आलेल्या घटकामुळे पाने पिवळी पडून ठिसूळ होतात.

कुंड्यांतली बाग

बागेविषयी अजून कोणीच लिहिलेले नाही, याचे आश्चर्य वाटले. माझी सगळी बाग कुंड्यांत आहे. मातीच्या कुंडीच्या भिंतीतूनही पाणी उडून जाते, त्यामुळे मुळे थंड राहतात, परंतु पाणी वारंवार द्यावे लागते. उन्हाळ्यात मी वाळलेल्या पानांचे दोन बोटे जाडीचे आच्छादन प्रत्येक कुंडीत करतो. मोठ्या कुंड्यांमध्ये, बिनझिलईचे एक लहान मडके तळाचे छिद्र बुजवून, गळ्यापर्यंत पुरून ठेवले आहे. त्यात पाणी भरून वर झाकण ठेवले की माती कोरडी होईल तसतसे ते भिंतीतून झिरपते. ही पद्धत दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीविषयक लेखनातही सांगितलेली आहे. मुळे त्या मडक्याभोवती कशी दाट गुंफली जातात, हे कुंडी बदलताना एकदा तरी पाहावे.

दुपारी मोठ्या पानांची झाडे माना टाकतात आणि घरातले सगळे पाण्यासाठी धावतात. अशा वेळी आधी मातीत बोट घालून पाहावे. माती ओली असेल, तर मुळे जेवढे पाणी ओढतात त्यापेक्षा पानांतून जास्त उडते आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो, आणि संध्याकाळी झाड आपोआप सावरते. ओल्या मातीत पुन्हा पाणी घातले तर मुळांना हवा मिळत नाही. भर उन्हात पाणी घातल्यास थेंबांतून पाने भाजतात, ही समजूतही सरसकट खरी नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुळगुळीत पानांवर असे भाजणे दिसले नाही, केवळ लव असलेल्या पानांवर थेंब उचलून धरले गेल्यामुळे ते घडू शकते, असे आढळले. तरीही पाणी सकाळीच द्यावे, कारण दुपारी दिलेले बरेचसे पाणी उडून जाते.

माझ्या आवडीचे काम मात्र निराळेच आहे. फुले उमलण्याच्या वेळांवरून घड्याळ रचण्याची कल्पना लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५१ साली मांडली होती. तिचा लहानसा प्रयोग मी खिडकीत करतो आहे. ‘ऑफिस टाइम’ नावाच्या रोपाची फुले ऊन वर आल्यावर उघडतात, गुलबक्षी उतरत्या उन्हात उमलते आणि तिच्यावर रात्री पतंग येतात. ढगाळ दिवशी वेळा चुकतात, म्हणून वहीत आकाशाचीही नोंद ठेवतो. गुलबक्षीच्या चट्टेरी पानांवरूनच कार्ल कॉरेन्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०९ साली दाखवून दिले, की काही गुणधर्म केवळ आईकडून पुढच्या पिढीत जातात. दारातल्या इतक्या साध्या झाडाने विज्ञानाला एवढे दिले, हे समजल्यापासून तिच्याकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली.

कुंडीतला कापूस

सूतकताईचा आणि बागेचा अनुभव वाचून दोन्हींना जोडणारे काही लिहिते. मी कापसाची दोन झाडे मोठ्या कुंड्यांत लावली आहेत. कापसाला भरपूर ऊन हवे असते, त्यामुळे जेथे इतर झाडे कोमेजतात ती जागा त्याला मानवते. अमेरिकन जातीचे फूल सकाळी मलईच्या रंगाचे उमलते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, त्यामुळे एकाच झाडावर दोन रंगांची फुले दिसतात. त्यानंतर बोंड फुटायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. एका बोंडातून सरकी काढल्यावर जेमतेम दीड ग्रॅम रुई उरते, म्हणजे दोन झाडांत कपडा होणार नाही. परंतु सरकीपासून रुई बोटांनी सोडवताना तंतू किती चिवट धरून असतात, हे कळते आणि बाजारातल्या पेळूची किंमत पटते. काही सरक्या पुढच्या पेरणीसाठी कागदी पाकिटात ठेवते.

शिकत असताना निघालेले जाडेभरडे सूतही फेकू नये. त्याचे तीन पदर उलट्या दिशेने एकत्र पिळले की चांगली दोरी तयार होते. मी तिच्यावर वेल चढवते. हंगाम संपला की वेल आणि दोरी वेगळी करत बसावे लागत नाही. दोन्ही एकत्र कापून खताच्या कुंडीत घालता येतात. मात्र त्यासाठी सूत न रंगवलेले आणि शुद्ध कापसाचे असावे, कारण कृत्रिम धागा मिसळलेला असेल तर तो खतात तसाच राहतो आणि नंतर मातीतून वेचून काढावा लागतो.