४६ पैकी ४० जागा मिळाल्या, म्हणजे मराठवाड्याचा राग शमला का?

गोदाकाठ
१ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलनावर पोलिसांचा लाठीमार झाला. ३० ऑक्टोबरला बीड-माजलगावात आमदारांची घरं पेटली. जून २०२४ च्या लोकसभा निकालात मराठवाड्यातल्या आठपैकी सात जागा महायुतीने गमावल्या आणि नोव्हेंबरात विधानसभेच्या ४६ पैकी ४० जिंकल्या. तेव्हापासून जो तो सांगतोय, लोक आंदोलन विसरले. मला हे अजिबात पटत नाही. आमच्या गावातली पोरं अजून कोर्टाच्या तारखांना जातात. भरतीचा फॉर्म भरताना 'गुन्हा दाखल आहे का' या रकान्यापाशी त्यांचा हात थांबतो. त्यांच्या आईबापांनी कोणतंही बटण दाबलेलं असो, सरकारवर त्यांचा भरवसा बसलेला नाही.

बालाघाटी
भाऊ, लोकसभेचा निकाल हा जनतेचा कौल असेल तर नोव्हेंबरचाही कौलच. आमच्याकडे त्या ऑक्टोबरनंतर लोक जात बघून किराणा घ्यायला लागले होते. ओबीसी घरांत धास्ती होती. ही माणसं टीव्हीवर दिसली नाहीत, पण मतदानाला रांगेत उभी राहिली. त्यांना घर-दुकान सुरक्षित ठेवणारं सरकार हवं होतं. त्यांचं मत तुम्ही मोजणारच नाही का?

सोयाबीनपट्टा
दोघंही जातीवरच अडकलात. सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये आणि अडतीवर आमच्या मालाला त्याच्या खाली दर. वर ओलावा काढून कटती. कर्जमाफीच्या आश्वासनावर लोकांनी मतं दिली.

गोदाकाठ
म्हणजे मत उधारीवर दिलंय. मीही तेच म्हणतोय. लाडक्या बहिणीचे दीड हजार टाकून बायकांची मतं घेतली, तेही त्यातलंच.

पूर्णाकाठची
दादा, 'मतं घेतली' म्हणू नका. माझ्या नावावर ना सातबारा, ना दुकान. सरकारकडून माझ्या खात्यात पैसे आले ते याच योजनेत. मी विचार करून मत दिलं आणि उद्या हप्ता थांबला तर विचार करूनच फिरवीन. माझा भाऊही आंदोलनात होता. घरात दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

नांदेडकर
ताईंचं बरोबर आहे, आणि याचा पुरावा आमच्याकडे आहे. २० नोव्हेंबर २०२४ ला नांदेडमध्ये विधानसभेसोबत लोकसभेची पोटनिवडणूक होती. मतदारसंघातल्या सहाही विधानसभा महायुतीला गेल्या, लोकसभा मात्र काँग्रेसने १४५७ मतांनी राखली. केंद्र तेच, दिवस तोच, अन् काही मतदारांनी दोन वेगळी बटणं दाबली. त्यामुळे निकालावरून अख्ख्या मराठवाड्याचं मन ओळखायला जाऊ नका.

बालाघाटी
नांदेडचं मान्य. पण २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटचा, म्हणजे निजामकाळच्या नोंदींवरून मराठ्यांना कुणबी दाखले देण्याचा शासन निर्णय निघाला आणि आमच्याकडची धास्ती परत वाढली. दोन्ही समाजांना बोलावून त्याचा अर्थ एकदाच, लेखी सांगायला हवा होता.

गोदाकाठ
लेखी सांगाच, आमची बाजूही तेच मागते. आणि गुन्ह्यांचं काय?

बालाघाटी
घर जाळणाऱ्यावरचा गुन्हा मागे घेऊ नये, यावर मी ठाम आहे. मात्र रस्त्यावर नुसता बसलेला पोरगा त्याच्यासोबत आरोपी असेल तर ते चूक आहे. त्याचं नाव वेगळं काढा. अशी मागणी करणारं पत्र सरकारकडे घेऊन जाणार असाल तर मी सही करतो.