पहिल्या धड्यात समीकरण नको म्हणे!

कुरांटग्रस्त: "ओपनफोम शिकणाऱ्या नवशिक्यांसमोर समीकरणाचं नावही काढू नका. कॅव्हिटीची केस कॉपी करा, आयकोफोम चालवा, पॅराव्ह्यूत रंग दाखवा, झालं." मेशवालींचं कालचं हे मत वाचून राहवलं नाही. (ओपनफोम म्हणजे प्रवाहाचं गणित करणारं सॉफ्टवेअर, आयकोफोम त्यातला एक सॉल्व्हर, पॅराव्ह्यू निकाल चित्रात दाखवतं.) ओपनफोमच्या त्या कॅव्हिटीत, म्हणजे सरावाच्या तयार केसमध्ये, आहे काय? ०.१ मीटरचा चौकोन, त्यावर २० × २० सेलची जाळी (मेश), वरचं झाकण सेकंदाला १ मीटर सरकतं, टाइमस्टेप, म्हणजे गणिताची एक वेळ-पायरी, ०.००५ सेकंद. एक सेलही ०.००५ मीटरचा, म्हणजे कुरांट आकडा (एका टाइमस्टेपमध्ये प्रवाह किती सेल ओलांडतो तो) बरोब्बर १. हे आकडे कुणीतरी जुळवून ठेवलेत, हे शिकणाऱ्याला सांगतं कोण? मी हौसेनं २० चे १०० केले, टाइमस्टेप तशीच. कुरांट ५! थोड्याच वेळात आकडे भडकले आणि फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन म्हणत गणित बंद. मला वाटलं इन्स्टॉलेशन गंडलं. दोन दिवस तेच पुन्हा पुन्हा करत बसलो.

मेशवाली: अहो, पण मेश बदलून बघावासा वाटला ना? मग धड्यानं काम केलं की! माझ्याकडची निम्मी मुलं ब्लॉकमेशडिक्ट या मेशच्या फाइलीतला एक अर्धविराम विसरतात आणि तिथेच गळतात. त्यांना कुरांट सांगत बसू?

जुना फोर्ट्रानी: तुमचं चालू द्या. माझा राग व्हिडिओंवर आहे. चाळीस मिनिटांतली दहा 'सबस्क्राइब करा'त जातात, आणि हवी ती कमांड इतक्या बारीक अक्षरांत की भिंग घ्यावं. कॉपीही करता येत नाही. शिवाय २०२३ मध्ये ओपनफोम फाउंडेशनच्या ११ व्या आवृत्तीत बरेचसे सॉल्व्हर फोमरन या एकाच कमांडखाली गेले. जुने व्हिडिओ कोण दुरुस्त करणार?

लॅपटॉप तापला: व्हिडिओ नसता तर पॅराव्ह्यूत फाइल उघडल्यावर 'अप्लाय' दाबावं लागतं, हे मला या जन्मी कळलं नसतं. तासभर रिकामा पडदा बघत होतो. लेखी धडा लिहिणाऱ्याला ते सांगण्यासारखंच वाटलं नव्हतं.

जुना फोर्ट्रानी: एका स्क्रीनशॉटचं काम.

लॅपटॉप तापला: तुमच्या वेळी पंचकार्डं होती, ठाऊक आहे.

जुना फोर्ट्रानी: वय काढायचं कारण नाही. आधी तुमचा तो लाडका व्हिडिओ ओपनफोम डॉट ऑर्गच्या आवृत्तीचा की डॉट कॉमच्या वेगळ्या आवृत्तीचा, तेवढं सांगा.

लॅपटॉप तापला: …बघून सांगतो.

जुना फोर्ट्रानी: बघा, बघा. पॉज करून.

शंकासूर: भांडण झालं असेल तर माझं ऐका. मी पाण्याच्या प्रवाहाचा प्रोजेक्ट केला, दाबाचे आकडे पास्कल म्हणून छापले. परीक्षकांनी विचारलं, "हा दाब हजारपट कमी कसा?" आयकोफोममधला p घनतेनं भागलेला असतो, एकक मीटर वर्ग भागिले सेकंद वर्ग. फाइलीत डायमेन्शन्सची ओळ होती. मी ती धड्यातून जशीच्या तशी उचललेली, वाचली कधीच नव्हती. रंग मात्र सुंदर आले होते, मेशवालीताई.

मेशवाली: लागला टोमणा. बरं, दाबाचं एकक पहिल्या धड्यात घालते. आणि कुरांटग्रस्तांच्या समाधानासाठी शेवटी एक ओळ: 'आता मेश दुप्पट बारीक करा, टाइमस्टेपला हात लावू नका.' समीकरण तरीही नाही!

कुरांटग्रस्त: दुप्पट नको, पाचपट करा. दुपटीत एखाद्या वेळी तगून जाईल आणि मुलं मलाच हसतील.

जुना फोर्ट्रानी: आणि वर आवृत्ती लिहा. ठळक.

लॅपटॉप तापला: याचा व्हिडिओ मी करतो.

जुना फोर्ट्रानी: करा. मी बघणार नाही.