मदत हवी आहे: मेंदूच्या ऑपरेशननंतर पुन्हा गाडी चालवणं आणि विमा

नमस्कार मंडळी. ५ महिन्यांपूर्वी माझं मेनिंजिओमाचं (मेंदूच्या आवरणावरच्या गाठीचं) ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण स्टिअरिंगला अजून हात लावलेला नाही. ऑपरेशनच्या आधी एकदा फिट आली होती, नंतर एकही नाही. फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासिटॅम हे औषध चालू आहे. डॉक्टर म्हणतात, फिटशिवाय ठरावीक काळ जाऊ दे आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी करून घे. कडेचं दिसत नसेल तर ते आपलं आपल्याला कळतही नाही म्हणे. हे ऐकून मीच टरकले.

खरा घोळ विम्याचा. गाडीची पॉलिसी पुढच्या महिन्यात संपतेय. घरचे म्हणतात, "विचारलं तरच सांग." मला ते पटत नाही. उद्या काही झालं आणि माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारला तर?

यातून गेलेलं कुणी आहे का? विमा कंपनीला न्यूरोसर्जनचं फिटनेस सर्टिफिकेट पुरलं, की लायसन्सवाल्यांचंही पत्र लागलं? हप्ता वाढला का? आणि पहिल्यांदा गाडी काढलीत तेव्हा शेजारी कोणाला बसवलंत? नवरा नको, मी ठणठणीत होते तेव्हाही तो शेजारी बसून ब्रेक दाबायचा.