शेतीचे उत्पन्न करमुक्त असताना पगारावरील कर का वाढतो?

प्रश्न (बागाईतदार, तासगाव)

वाटणीनंतर आमच्या द्राक्षबागेतील दोन एकर माझ्या नावावर आले. मी पुण्यात नोकरी करतो. २०२५-२६ या आर्थिक वर्षात वजावटींनंतर माझे करपात्र वेतन १४ लाख आणि बागेचे निव्वळ उत्पन्न ३ लाख रुपये आहे. बागेचे उत्पन्न विवरणपत्रात दाखवताच कराचा आकडा वाढला. हे बरोबर आहे का? गोठ्यातील दुधाचे पैसेही शेतीतच धरायचे का? शिवाय नव्या प्लॉटवर ठिबक करायचे आहे. अनुदानासाठी अर्ज आधी करावा की संच बसवल्यानंतर?

उत्तर (करसल्लागार, सांगली)

आकडा बरोबर आहे. शेती उत्पन्नावर थेट कर लागत नाही. मात्र ते ५,००० रुपयांहून अधिक असेल आणि इतर उत्पन्नही मूळ करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर कराचा टप्पा ठरवताना दोन्हींची बेरीज केली जाते. नव्या करप्रणालीत १७ लाखांवर १,४०,००० रुपये कर येतो. त्यातून शेतीचे ३ लाख अधिक मूळ मर्यादेचे ४ लाख, अशा ७ लाखांवरील १५,००० रुपये वजा केले की १,२५,००० उरतात. केवळ वेतनावर ९०,००० आले असते, म्हणजे फरक ३५,००० रुपयांचा, उपकर वेगळा. दुधाचे उत्पन्न मात्र शेती उत्पन्न नव्हे. ते व्यवसायाचे धरले जाते व करपात्र ठरते. उलट, जमीन कोणाला खंडाने कसायला दिली, तर तो खंड शेती उत्पन्नातच मोडतो.

उत्तर (ठिबकधारक, पंढरपूर)

पूर्वसंमती हाती येईपर्यंत संच खरेदी करू नका. महाडीबीटी या राज्य शासनाच्या योजनांच्या संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो आणि पूर्वसंमतीच्या आधीचे बिल ग्राह्य धरले जात नाही. आमच्या भागात अनेकांचे अनुदान केवळ या घाईमुळे गेले. केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना (दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना) ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के अनुदान आहे आणि राज्याच्या पूरक अनुदानामुळे ते अनुक्रमे ८० व ७५ टक्क्यांपर्यंत जाते. ही टक्केवारी विक्रेत्याच्या बिलावर नव्हे, तर शासनाने ठरवलेल्या खर्चमर्यादेवर मोजतात, त्यामुळे प्रत्यक्षात खिशातून अधिक पैसे जातात.

उत्तर (कोरडवाहू, जत)

प्राप्तिकराची सवलत मोठी वाटते, पण ज्याचे वर्षाचे उत्पन्न करमर्यादेच्या जवळपासही पोहोचत नाही, त्या दोन-तीन एकरवाल्याला तिचा काहीच उपयोग नाही. त्याच्यावरचा खरा कर खरेदीत दडलेला आहे. खरेदीवरचा जीएसटी विक्रीवरच्या जीएसटीतून वळता होतो; पण ताज्या फळांवर जीएसटीच नाही, म्हणून औषधे, खते आणि अवजारांवर भरलेला कर त्याला परत मिळत नाही. तो सारा उत्पादनखर्चात मुरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि ठिबकवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हे निश्चितच स्वागतार्ह आहे. मात्र काही जैविक कीडनाशके सोडल्यास फवारणीच्या रासायनिक औषधांवर १८ टक्के कायम आहे आणि द्राक्षाला फवारण्या किती लागतात हे तासगावकरांना सांगायला नको. छोट्या शेतकऱ्याकडे ट्रॅक्टर नसतो, औषध मात्र प्रत्येकालाच घ्यावे लागते; म्हणून पुढची कपात तिथेच व्हायला हवी, असे मला ठामपणे वाटते.