अनुभव धागा : रोजच्या अपडाऊनला डिझेल गाडी खरंच परवडते का? (कोल्हापूर आणि आजूबाजूचे रूट)

दसऱ्याच्या तोंडावर दरवर्षी हा प्रश्न येतोच : पेट्रोल घेऊ की डिझेल? "अ‍ॅव्हरेज चांगलं देते" एवढ्या उत्तराने कुणाचं भलं होत नाही, म्हणून हा धागा. लिहिताना एका बाजूचं अंतर, दिवसात गाडी किती वेळा चालू-बंद होते, टाकी ते टाकी मोजलेलं अ‍ॅव्हरेज आणि खर्च कुठे निघतो एवढं लिहावं. कंपनी कोणती चांगली हा वाद इथे नको. ज्यांना पार्ट आणि आकडे माहीत आहेत त्यांनी सविस्तर लिहा, नवीन घेणाऱ्याचे दोन लाख वाचतील.

आकडेमोड, राजारामपुरी

सुरुवात कागदावर करू. सोयीसाठी पेट्रोल 105 रुपये आणि डिझेल 92 रुपये लिटर धरतो. तुमच्या दिवशीचा दर घालून परत मांडा.

एकच मॉडेल : पेट्रोल 15, डिझेल 20 किलोमीटर. पेट्रोल किलोमीटरला 7 रुपये, डिझेल 4 रुपये 60 पैसे. फरक 2 रुपये 40 पैसे. इथपर्यंत सगळेच येतात आणि इथेच थांबतात.

आता दुसरी बाजू. पेट्रोलची एक्स-शोरूम साडेदहा लाख, डिझेलची बारा लाख समजा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या गाडीला दहा ते वीस लाखांच्या टप्प्यात पेट्रोलला 12 टक्के आणि डिझेलला 14 टक्के रोड टॅक्स आहे. म्हणजे पेट्रोलला 1 लाख 26 हजार, डिझेलला 1 लाख 68 हजार. दीड लाखाचा फरक आरटीओतच 1 लाख 92 हजार झाला. जादा किमतीवरचा विमा धरून दोन लाख म्हणा.

ते दोन लाख कर्जात घेतले तर 9 टक्क्यांनी पाच वर्षांत 49 हजार व्याज. ऑइल, डिझेल फिल्टर वगैरेचा जादा खर्च किलोमीटरला 30 पैसे वजा केला, तर हातात 2 रुपये 10 पैसे राहतात. रोख घेणाऱ्याचे पैसे सुमारे 95 हजार किलोमीटरला फिटतात, कर्ज घेणाऱ्याचे 1 लाख 18 हजारांना.

रोज 60 किलोमीटर आणि वर्षाला 280 दिवस धरले की 16,800, त्यात गावाकडच्या फेऱ्या मिळवून वीस हजार. रोख घेतली तर पावणेपाच वर्षं. रोज 16 किलोमीटरवाल्याला गावाकडच्या तेवढ्याच फेऱ्या धरूनही बारा वर्षांहून जास्त. तोवर आरसीची पंधरा वर्षांची मुदतच संपत येते.

थर्ड पार्टी विम्याचा हप्ता इंजिनच्या सीसीवर असतो. 1000 सीसीच्या आत 2,094 रुपये, 1000 ते 1500 मध्ये 3,416, त्याच्या वर 7,897. 1.5 लिटरची बहुतेक डिझेल इंजिनं 1500 च्या काठावर आत बसतात, पण 999 सीसीच्या पेट्रोलशी तुलना करत असाल तर हाही फरक धरा.

पहिली पाळी, शिरोली

घर ते एमआयडीसी आठ-नऊ किलोमीटर असेल तर डिझेलचा विचारही नको. इंजिन नीट तापायच्या आत गेट येतं. एवढ्या अंतरात डिझेलचं कागदावरचं अ‍ॅव्हरेजसुद्धा मिळत नाही, आणि वर डीपीएफचं, म्हणजे काजळी अडवणाऱ्या जाळीचं, दुखणं मागे लागतं.

पंप रूम, उद्यमनगर

डीपीएफचा विषय निघालाच आहे तर नीट सांगतो, कारण वर्कशॉपला येणाऱ्या बीएस-6 (धुराच्या प्रदूषणाचा नवा नियम) डिझेल गाड्यांत निम्मं दुखणं चुकीच्या रूटचं असतं, गाडीचं नसतं.

एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि प्रत्येक डिझेल कारच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी बसली. ती डीपीएफ. जाळी भरत आली की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जादा डिझेल सोडून एक्झॉस्ट साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापवतो आणि काजळी जाळून टाकतो. याला रिजनरेशन म्हणतात. त्याला दहा ते वीस मिनिटं सलग चालणारी, गरम गाडी लागते. रंकाळा ते शाहूपुरी आणि परत अशा फेऱ्यांत ते सुरू होतं आणि मध्येच किल्ली बंद होते. असं चार-पाच वेळा झालं की सोडलेलं जादा डिझेल न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं.

ते ओळखायचं कसं? सकाळी गार गाडीची डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला. ऑइलची रेघ वरच्या खुणेच्याही वर गेली असेल, दोन बोटांत घेतल्यावर ऑइल पाण्यासारखं पातळ लागत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर किलोमीटर कितीही झालेले असोत, ऑइल ताबडतोब बदला. पातळ ऑइल टर्बोच्या बेअरिंगला आणि क्रँकच्या बेअरिंगला खातं. पुष्कळ लोक ऑइल वाढलेलं बघून "चला, कमी तरी झालं नाही" म्हणून समाधान मानतात. डिझेल इंजिनात ऑइल वाढणं हे कमी होण्याइतकंच वाईट.

रिजनरेशन चालू आहे हे कळतं : उभ्या गाडीचं आयडलिंग थोडं वर जातं, फॅन जोरात फिरतो, मीटरवरचं चालू अ‍ॅव्हरेज एकदम पडतं, गरम वास येतो. तेव्हा गाडी बंद करू नका, एक मोठा फेरा मारून या. डीपीएफचा दिवा लागलाच तर तावडे हॉटेलवरून हायवेला लागा आणि किणीच्या दिशेने वीस मिनिटं चालवा. गिअर असा ठेवा की आरपीएम 2000 च्या आसपास राहील, स्पीड साठच्या पुढे. दिवा विझला की काम झालं. दिवा लुकलुकायला लागला किंवा सोबत इंजिनचा दिवा आला तर फेऱ्या मारत बसू नका, स्कॅनर लावूनच रिजनरेशन करावं लागतं.

ऑइल लो-अ‍ॅश प्रकारचंच हवं, मॅन्युअलमध्ये ग्रेड छापलेला असतो. साधं ऑइल जळून जी राख होते ती काजळीसारखी परत जळत नाही, जाळीत कायमची बसते. आणि डीपीएफ कापून आत रिकामा नळा बसवायचा सल्ला देणारे भेटतील. तो बेकायदा आहे. ऐकू नका.

रोजचा इचलकरंजी रूट

एका बाजूला तीस किलोमीटर, पाऊण तास. या रूटला डिझेल शोभते, कारण इंजिन दोन्ही वेळा पूर्ण तापतं.

अ‍ॅव्हरेज मीटरवर बघून सांगू नका, मीटर बहुधा जास्तच दाखवतो. एकच पंप, एकच नोझल, गाडी त्याच सपाट जागी उभी. पहिला ऑटो-कट झाला की थांबायचं. "राऊंड फिगर करू का" म्हटलं तर नको म्हणायचं. ट्रिप मीटर शून्य. असे तीन टाक्यांचे लिटर आणि किलोमीटर मिळवून भागाकार. 1,874 किलोमीटरला 88.4 लिटर म्हणजे 21.2. एका टाकीचा आकडा फसवा असतो, दोन लिटर इकडेतिकडे सहज होतात.

कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की हाच रूट बदलतो. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागे वीसच्या स्पीडला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चालावं लागतं. डिझेलचं अ‍ॅव्हरेज तेव्हा एक-दीडने उतरतं, पेट्रोलचं त्याहून जास्त, कारण हळू गाडीत डिझेल इंजिनाची ओढ कमी आरपीएमलाही टिकते. ओव्हरटेकला ती उपयोगी पडते, पण अंधारात रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली दिसली तर ती ओढ वापरायचा मोह टाळा.

आणखी एक हिशोब. 60 किलोमीटरला डिझेलचे 276 रुपये, पेट्रोलचे 420. त्याच पेट्रोल गाडीत ऑफिसचे दोघे बसले तर माणशी 210, चौघे बसले तर 105. इंधन बदलण्याआधी शेजारची सीट भरते का बघा.

प्रश्न : कळंबा

E20 मुळे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळल्यामुळे, पेट्रोलचं अ‍ॅव्हरेज पडलंय म्हणतात. मग वरचा 15 चा आकडा बरोबर आहे का?

आकडेमोड, राजारामपुरी

म्हणूनच 15 धरला. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के कमी. आधी दहा टक्के होतंच, त्यामुळे नवीन फटका साधारण तीन टक्क्यांचा. ते इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचंही आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण हिशोबात धरायला हवं.

जुनी गाडी बघणाऱ्यांसाठी, कावळा नाका

नवीन डिझेल परवडत नसेल तर लोक 2020 च्या आधीच्या बीएस-4 कडे वळतात. कल्पना वाईट नाही, जादा किंमत पहिल्या मालकाने भरलेली असते. बघताना एवढं करा :

गाडी गार असताना पोचा, आधीच चालू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. ऑइल फिलरचं झाकण काढा, आयडलिंगला तिथून जोराने वाफ उडत असेल तर पिस्टनच्या रिंग गेल्या. क्लच सोडताना खालून खडखड आली तर ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचला जोडलेलं दुहेरी जड चाक) तपासून घ्या, क्लचसोबत ते बदलावं लागलं तर मोठं बिल आहे. इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा पार्ट) बुडाशी डांबरासारखा काळा थर साचलेला असेल तर खालचा तांब्याचा वॉशर गळतोय.

बीएस-6 गाडी असेल तर सायलेन्सरच्या टोकात आतून बोट फिरवा. डीपीएफ धड असेल तर बोट जवळजवळ स्वच्छ येतं. काळीकुट्ट काजळी आली तर जाळी फुटलीय किंवा कुणीतरी काढलीय.

दिल्लीतल्या दहा वर्षांच्या नियमाची भीती दाखवून इथे भाव पाडणारे असतात. तो नियम राजधानी परिसराचा आहे, आपल्याकडे नाही.

पंप रूम, उद्यमनगर

वरच्यात भर. ज्याला रोज अपडाऊन करायचंय त्याने जुनी डिझेल घेताना लीक-बॅक टेस्ट करूनच घ्यावी. चारही इंजेक्टरची रिटर्न नळी काढून चार पारदर्शक नळ्या लावायच्या, एक-दोन मिनिटं आयडलिंग. चारही नळ्यांत डिझेल साधारण सारखं चढलं तर ठीक. एकीत बाकीच्यांच्या दुप्पट आलं तर तो इंजेक्टर आतून झिजलाय, रेलचं (चारही इंजेक्टरला डिझेल पुरवणारी सामायिक नळी) प्रेशर टिकत नाही आणि सकाळी सेल्फ जास्त मारावा लागतो. नवीन बसवला तर त्याच्या डोक्यावरचा कोड स्कॅनरने ईसीयूमध्ये भरायला लावा, नाहीतर धूर आणि ठोका दोन्ही राहतात. चारही एकदम गेले तर दोन वर्षांची इंधनबचत त्यात जाते भावा, म्हणून फिल्टरवर काटकसर नको. फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल करून पाणी सोडायचं, पावसाळ्यात तर नक्कीच. कॉमन रेल पंपाला वंगण डिझेलचंच असतं, पाणी किंवा रिकामी टाकी त्याला चालत नाही. रिझर्व्हवर चालवायची सवय पेट्रोलला खपते, इथे नाही.

सीएनजी, उचगाव

सीएनजी 90 रुपये किलो आणि 24 किलोमीटर धरले तर किलोमीटरला 3 रुपये 75 पैसे, म्हणजे डिझेलच्याही खाली. जादा किंमत डिझेलपेक्षा कमी, रोड टॅक्सही कमी. तोटे : डिकी जाते, चढाला दम कमी, पंपावरची रांग आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट. रोज 30-40 किलोमीटरवाल्याला मधला मार्ग हाच.

गगनबावडा आणि पुराचं पाणी

घाट चढून आल्यावर टर्बो लालबुंद असतो. लगेच किल्ली काढू नका, अर्धा-एक मिनिट आयडलिंगला ठेवा, नाहीतर बेअरिंगमधलं थांबलेलं ऑइल जळून तिथेच कार्बन बसतो.

2019 आणि 2021 ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी होतं तसं पाणी दिसलं तर डिझेल गाडी उंच आहे म्हणून घालू नका. हवा घेणारं तोंड बॉनेटच्या पुढच्या बाजूला असतं. तिथून पाणी आत गेलं की ते दाबलं जात नाही, आणि डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त असल्याने कनेक्टिंग रॉड पटकन वाकतो. बंद पडलीच तर सेल्फ मारू नका. आधी एअर फिल्टरचा डबा उघडून ओला आहे का बघायचा. ओला असेल तर टो करूनच न्यायची, आणि इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही. विम्यात इंजिन प्रोटेक्ट आहे का हे पावसाआधी बघून ठेवा.

प्रश्न : कळंबा

पंपावर चुकून डिझेल गाडीत पेट्रोल घातलं तर?

पंप रूम, उद्यमनगर

किल्ली ऑनसुद्धा करू नका. बऱ्याच गाड्यांत किल्ली ऑन केली की टाकीतला पंप फिरतो आणि पेट्रोल लाइनमध्ये जातं. गाडी ढकलून बाजूला घ्या, टाकी उतरवून रिकामी करा, फिल्टर बदला, नवीन डिझेल भरून लाइनमधली हवा काढा. एवढ्यात भागतं. दोन किलोमीटर चालवून आणली तर पंप झिजून निघालेला धातूचा किस रेलमध्ये आणि तिथून चारही इंजेक्टरमध्ये गेलेला असतो.