मदत हवी आहे: तलावातून निघणाऱ्या छोट्या नदीचा लंबछेद, उद्या सकाळपर्यंत!

कोलशेतकर: मुलीचा अकरावीचा भूगोलाचा प्रकल्प आहे. नदी डोंगरातल्या तलावातून निघून समुद्राला मिळेपर्यंतचा लंबछेद (उंची कशी उतरत जाते त्याचा आलेख) हवा. तलाव कुठे ते कळतंय, पण उगम नेमका कुठे दाखवायचा? प्लीज लवकर सांगा.

नकाशावेडा: कुठली नदी? ते तर लिहिलंच नाही!

कोलशेतकर: अहो, आपल्या मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली. तुळशी तलावातून निघते ती.

वसंतविहार_ठाणे: म्हणजे मिठी. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचं (तलाव भरल्यावर बाहेर पडणारं) पाणी मिळून होते, मग कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल, माहीम. २६ जुलै २००५ च्या पुरात कुर्ल्यात अडकलो होतो, पाणी कसं चढतं ते मला विचारा.

नकाशावेडा: मिठी नव्हे, दहिसर. साधारण १२ किमी. उद्यानातून बोरिवली पूर्व, दहिसर, मग मनोरीची खाडी.

वसंतविहार_ठाणे: तुळशी भरला की पाणी विहारमध्ये जातं, दरवर्षी बातमी येते. मग दहिसर तुळशीतून कशी निघेल?

नकाशावेडा: तेच तर पालकांना सांगायला हवं. १८७९ मध्ये तुळशी झाला तो टासो नदीला बांध घालून, आणि ते पाणी मुद्दाम विहारकडे वळवलं. विहार त्याआधीचा, १८६० चा, आणि खालच्या पातळीवर. म्हणून सांडव्याचं पाणी तिकडे. दहिसरचा उगम पुस्तकांत तुळशी असाच लिहितात, पण तिला पाणी पुरवतात ते आजूबाजूच्या डोंगरउतारांवरचे ओढे. उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांच्या बाजूला पावसाळ्यात बघा, पायऱ्यांशेजारून पाणी धो धो उतरतं. चार महिन्यांनी तिथेच कोरडा कातळ.

मामाभांजे_ट्रेकर: ठाण्यातल्या येऊरच्या बाजूने तुळशीला जायचा विचार करू नका, बंदी आहे. वनखातं सोडणार नाही. आणि बिबटे आहेत.

कोलशेतकर: कोणी जात नाहीये हो! कागदावर काढायचंय. उंची कुठून घेऊ?



नकाशावेडा: सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की १:५०,००० प्रमाणाचा नकाशा फुकट उतरवता येतो. समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या) जिथे जिथे नदीला छेदतात तिथे उंची टिपा. मधलं अंतर सरळ पट्टीने नको. दोरा नदीच्या वळणांवर ठेवून मोजा, नाहीतर नदी आखूड होईल. आडव्या अक्षावर अंतर, उभ्यावर उंची. सुरुवातीला रेष झपकन उतरेल, बोरिवलीनंतर जवळजवळ सपाट.

वसंतविहार_ठाणे: गूगल अर्थवर दोन मिनिटांत होतं. दोरा कशाला?

नकाशावेडा: तिथे इमारती, पूल आणि झाडांचे शेंडे उंचीत घुसतात. शिक्षकांनी पद्धत विचारली तर मुलगी काय सांगेल?

कोलशेतकर: नकाशा उतरवला. ओढे फारच बारीक आहेत. समोच्च रेषेचं टोक इंग्रजी व्हीसारखं दिसतं, ते नदीच्या खालच्या बाजूला असतं ना?

नकाशावेडा: उलट. ओढ्यावर व्हीचं टोक उगमाकडे असतं. टोक उताराकडे दिसलं तर ती डोंगराची सोंड (पुढे आलेला भाग) आहे, ओढा नाही.